घोरणं खाली, हशा वर

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कुणाचा शब्द वर राहायचा आणि कुणाचा खाली जायचा, हे गेली कित्येक वर्षं मी ठरवत आलो आहे. संस्था चालवणारे, संस्था बुडवणारे, कीर्तनकार, निवृत्त मुख्याध्यापक, नवरदेवाचे मामा, सगळ्यांचे आवाज माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाखालून गेले आहेत. बोट वर सरकवलं की माणूस मोठा होतो, खाली घेतलं की विझतो. एवढी सत्ता या भागात दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. अडचण एवढीच, की हे व्हिडिओ फारसं कुणी पाहत नाही. लग्नाचा व्हिडिओ घरचे एकदा पाहतात, तोही आपण कुठे दिसतो ते शोधायला. सत्काराचा व्हिडिओ सत्कारमूर्ती पाहतात आणि भाषणं पुढे ढकलतात.

माझं दुकान शिरूरला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. पाटीवर अजून फोटो स्टुडिओ लिहिलेलं आहे, काम सगळं व्हिडिओचं. गुडघ्यांमुळे शूटिंगला आता मोजकाच जातो. एडिटिंग मात्र दुसऱ्याला देत नाही, आणि त्यातही आवाज तर नाहीच. लोकांना वाटतं एडिटिंग म्हणजे चित्रं कापणं आणि जोडणं. पण चित्र हललं तर लोक म्हणतात गर्दी होती. आवाज फुटला तर म्हणतात फोटोग्राफर बेकार होता.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका कार्यक्रमात आवाज तीन-चार ठिकाणांहून येतो. बोलणाऱ्यापुढचा माइक, टेबलावरचा माइक, आणि मागे तिकाटण्यावर उभ्या कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक, जो समोरची माणसं ऐकतो. संगणकात हे सगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर एकाखाली एक मांडायचे, व्हिडिओ सुरू करायचा, आणि तो चालू असतानाच प्रत्येक पट्टी हातानं वरखाली करत जायचं. त्यासाठी माझ्यापुढे एक छोटा बोर्ड असतो. त्यावर सरकणारी बटणं असतात, त्यांना फेडर म्हणतात. बोट जसं हलेल तसं संगणक लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तसंच वाजवतो. मूळ आवाज कुठे जात नाही, तो खाली तसाच पडून असतो. तासाचं भाषण असेल तर तास बसावं लागतं. माणूस पुढच्या क्षणाला ओरडणार आहे की कुजबुजणार आहे, हे त्याच्या श्वासावरून ओळखायचं आणि बोट आधी हलवायचं. आवाज झाल्यावर हलवलं तर उशीर झालेला असतो.

हल्ली एक बटण दाबलं की सगळे आवाज आपोआप एका पातळीला येतात. समता म्हणून हे उत्तम आहे. फक्त मग मंगलाष्टकं, पंगतीतली भाताची हाक आणि मांडवाबाहेरचा पिपाणीवाला, हे तिघंही सारख्याच मानानं ऐकू येतात.

या कामानं मला एक खोड लावली. मी कुठेच स्वस्थ बसू शकत नाही. हॉटेलात शेजारच्या टेबलावर कुणी मोठ्यानं बोलायला लागलं की माझं बोट टेबलाच्या कडेवर खाली सरकतं. साडूंकडे जेवायला गेलो की साडू वर आणि त्यांचा टीव्ही खाली अशी माझी धडपड चालते, प्रत्यक्षात मात्र दोन्ही चालूच राहतात. बायको म्हणते, तुमचा हात धरून ठेवायला एक माणूस ठेवला पाहिजे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकांच्या आधी मान्यवरांची नावं माइकवर वाचायची पद्धत आहे. अमुक गावचे माजी उपसरपंच आले, त्यांचं शब्दसुमनांनी स्वागत. नवरी पाटावर उभी राहून राहून पाय बदलते आणि स्वागतं चालूच असतात. एका माजी उपसरपंचांनी दुकानात येऊन सांगितलं, की त्यांचं नाव आजी उपसरपंचांपेक्षा किंचित वर ठेवा. मी ठेवलं. आठवड्यानं आजी आले. दौंडला तर वेगळीच गंमत. तिथे जंक्शन असल्यामुळे मुहूर्त कुठलाही काढा, एखादी गाडी भोंगा देतेच. मी तो भोंगा इतका सफाईनं खाली घ्यायचो की मला त्याचा अभिमान होता. मग एकदा निवृत्त इंजिन-ड्रायव्हरच्या घरचं लग्न आलं. त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि गंभीर होऊन विचारलं, "सावधानला मालगाडीनं दिलेला भोंगा कुठे गेला?" तो त्यांच्या जुन्या सहकाऱ्यानं मुद्दाम दिला होता. भोंगा मी परत वर आणला. मंगलाष्टकं त्यात बुडाली, पण घरचे खूश होते.

तर इतक्या वर्षांत माझे काही नियम ठरून गेले. खोकला खाली. टाळ्या थोड्या वर. हशा वर, कारण हशा वर असला की कार्यक्रम रंगला असं वाटतं. घोरणं खाली. हे मी विचार करून करत नाही, बोट करतं. खरं सांगायचं तर एडिटिंग करताना मी शब्द ऐकतच नाही, चढउतार ऐकतो. शेकडो भाषणं या कानांतून गेली, त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही. ही मी देवाची कृपा मानतो.

रंगनाथराव आणि त्यांच्या मंडळी, कमलवहिनी, दुकानात आले तेव्हा दुपारची वेळ होती. न्हावऱ्याहून एसटीनं आले होते. रंगनाथराव कुरकुंभच्या एका कंपनीत कॉम्प्रेसर हाऊसला ऑपरेटर होते. कॉम्प्रेसर हाऊस म्हणजे हवा दाबणारी मोठी यंत्रं एका खोलीत अखंड धडधडत असतात ती जागा. तिथे नोकरी काढलेल्या माणसाचे कान कंपनीतच राहतात. त्यांना अगदी ऐकू येत नाही असं नाही. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. महिन्यापूर्वी त्यांच्या सेवापूर्तीचा सत्कार न्हावऱ्यात झाला होता आणि त्याचा व्हिडिओ मीच करून दिला होता.

रंगनाथरावांनी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दारापर्यंत जाऊन आले. परत उभे राहिले.

"आप्पा, यात घोरणं हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मला काही समजेना. मग कमलवहिनींनी सगळं सांगितलं. बोलताना मध्येच नवऱ्याच्या कानाजवळ तोंड नेऊन तेच वाक्य मोठ्यानं सांगायच्या, त्यामुळे मला सगळं दोनदा कळलं.

सत्कारात दौंडचे युनूसभाई बोलले होते. हे दोघं एकाच पाळीत वर्षानुवर्षं एकत्र. त्या खोलीत बोलणं ऐकू येत नाही म्हणून दोघांनी हातांच्या खुणांवर नोकरी काढली आणि मैत्रीही. मागे कधीतरी एका साहेबानं रात्रपाळीत रंगनाथरावांना डोळे मिटलेले पाहिलं आणि ड्युटीवर झोपला म्हणून मेमो दिला. चौकशी झाली. तेव्हा युनूसभाईंनी साक्ष दिली, की हा डोळे मिटून यंत्र ऐकत होता. रंगनाथराव सुटले. पण ही गोष्ट न्हावऱ्यात पोचायची तेवढी पोचलीच होती.

आता सत्काराच्या व्हिडिओत युनूसभाई माइकवर म्हणतात, की हा माणूस रात्रपाळीला कधी झोपला नाही. आणि त्यावर सगळा मांडव हसतो. मोठ्यानं, भरपूर, दोनदा.

रंगनाथरावांनी मंचावरून हसणारी तोंडं पाहिली होती. काय झालं ते तेव्हा समजलं नव्हतं, हात जोडून तेही हसले होते. पुढे घरी व्हिडिओ लावला, तेव्हा मुलानं वाक्य कागदावर लिहून दाखवलं. तेवढ्यात तो तुकडा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही गेला. चहाच्या टपरीवर मंडळी तो लावून हसायची आणि रंगनाथरावांना विचारायची, झाली का झोप. ज्यानं साक्ष देऊन वाचवलं, त्यानंच माइकवरून चेष्टा केली, असं त्यांच्या मनानं घेतलं. तेव्हापासून त्यांनी युनूसभाईंचा फोन घेतला नव्हता. आणि दोनच दिवसांनी युनूसभाईंच्या मुलीचं लग्न होतं.

"मी पहिल्या दिसापासनं सांगतीय," कमलवहिनी म्हणाल्या, "लोक ह्यांला हसलंच न्हाईत. अध्यक्ष घोरत व्हते, त्यांला हसले. पन पटंल तर शपथ. म्हंत्यात, व्हिडिओत कुठंय घोरणं? आता आमच्या घरात पेनड्राइव्ह खरा आन् बायको खोटी."

व्हिडिओत घोरणं नव्हतं, कारण मी ते खाली घेतलं होतं.

त्या दिवशी अध्यक्ष म्हणून एका संस्थेचे चेअरमन आले होते. आपल्याकडे अध्यक्षांपुढे एक वेगळा माइक ठेवतात आणि तो पूर्ण वेळ चालू असतो. अध्यक्षांना बटण शोधायला लावणं बरं दिसत नाही. अध्यक्ष जेवण करून आले होते, आणि आधी बोललेल्या मुख्याध्यापकांनी शिक्षणाचा इतिहास मुळापासून घेतला होता. मंचावर रंगनाथराव आणि अध्यक्ष यांच्यामध्ये दोन पाहुणे आणि शाली-नारळांचा ढीग होता, म्हणून त्यांना दिसलं नाही, आणि स्पीकरची तोंडं मांडवाकडे होती, म्हणून ऐकूही आलं नाही. कॅमेरा युनूसभाईंवर होता, म्हणून व्हिडिओतही दिसत नाही. राहिला फक्त आवाज, आणि तो माझ्याकडे आला. घोरणं खाली, हशा वर. दोन्ही नियम मी अगदी व्यवस्थित पाळले होते. ज्याच्यावर लोक हसले तो आवाज गेला, आणि हशा पुढ्यात जो माणूस उभा होता त्याच्या वाक्यावर जाऊन बसला.

मी रंगनाथरावांना म्हटलं, सगळे मूळ आवाज माझ्याकडे आहेत, ऐकवतो. तेव्हा ते बसले.

माझी बोटं जिथे हलली होती ती सगळी रेघ संगणकातून पुसली आणि त्यांना हेडफोन लावला. पहिल्या वेळी जमलं नाही. हशा आला तसा त्यांनी हेडफोन कानावरून ओढून काढला. असल्या कानांचं हेच असतं, थोडं कमी पडलं तर काही येत नाही आणि थोडं जास्त झालं तर ठणका बसतो. मग मी पट्ट्यांकडे बघणं सोडलं आणि त्यांच्या कपाळाकडे बघत फेडर चालवायला लागलो. आठी पडली की खाली, भुवई वर गेली की तिथेच. हशा दाबून धरला. टेबलावरचा माइक हळूहळू वर नेला.

घोरणं जाड आवाजाचं असतं. त्या कानांना माणसाचं बोलणं पोचत नव्हतं, पण घोरणं एकदम स्वच्छ पोचलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. मला वाटलं काम झालं.

"ह्ये तुम्ही आत्ता घातलं," ते म्हणाले. "हिनं फोन केला आसंल तुम्हाला."

वहिनींनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "मी कुनाकडनं घोरून घेऊ आता?"

ते उठून परत दाराशी गेले. बाहेर बघत उभे राहिले. मला राग यायला हवा होता, पण त्यांचं चुकत नव्हतं. जो माणूस आवाज काढू शकतो तो घालूही शकतो, आणि मी घातलेही आहेत. विरळ टाळ्यांत दुसऱ्या कार्यक्रमाच्या टाळ्या मिसळणं हे आमच्याकडे मीठ घालण्यासारखं आहे. पुरावा म्हणून माझ्या कामाची किंमत काय, हे इतक्या स्पष्टपणे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी त्यांना हातानं खुणावून बोलावलं आणि टेबलावरच्या माइकची पट्टी एकटी लावली, मुख्याध्यापकांच्या भाषणापासून. घोरणं तिथेच सुरू झालं होतं. आधी नुसता जड श्वास, मग शिट्टी, मग लय. मध्ये एक नारळ घरंगळून टेबलाला लागला आणि लय तुटली, पुन्हा लागली. रंगनाथराव डोळे मिटून ऐकत होते. तो साहेब त्या वेळी दुकानात आला असता तर पुन्हा मेमो दिला असता. मग लांबून, बारीक, युनूसभाईंचं वाक्य आलं. घोरणं. हशा. आणि हशानं दचकून जागे झालेले अध्यक्ष, समोर माइक दिसताच, सवयीनं म्हणाले,

"मंजूर. मंजूर."

त्यावर दुसरा हशा.

रंगनाथरावांनी डोळे उघडले. हा आवाज कुणाच्या बायकोनं फोन करून बनवून घेता येण्यासारखा नव्हता. अध्यक्षांच्याच संस्थेचे सभासद म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं वार्षिक सभेत तो ऐकला होता, कान चांगले होते तेव्हापासून.

ते हसले नाहीत. वहिनी हसत होत्या, मी हसत होतो. ते म्हणाले, आता फक्त युनूस लावा. बाकी कुनी नको.

मी बाकीच्या पट्ट्या पूर्ण खाली घेतल्या. युनूसभाईंचा माइक तेवढा ठेवला आणि त्यातले बारीक आवाज, ज्यांच्यामुळे शब्द शब्द म्हणून कळतात, ते जमेल तितके उचलले. वहिनींनी हात पुढे धरला, जे कळणार नाही ते त्या खुणेनं सांगणार होत्या. मीही ते भाषण पहिल्यांदाच ऐकत होतो. युनूसभाई म्हणत होते, की मी याच्याबरोबर रात्रपाळ्या काढल्या, हा कधी झोपला नाही, आणि मांडव हसायला लागला तरी पुढे, की डोळे मिटायचा पण झोपायचा नाही, यंत्र ऐकायचा. मग ते थांबले. मांडव हसत होता म्हणून थांबले, पण आता हशा खाली होता, त्यामुळे नुसती शांतता आली आणि त्या शांततेत त्यांचा श्वास. आणि मग एक वाक्य, जे व्हिडिओत कुणालाही ऐकू गेलं नव्हतं, कारण त्याच्यावर मी हशा वर नेऊन ठेवला होता.

"हसू नका. मी खरं सांगतोय."

वहिनींनी खूण करायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. खूण लागली नाही.

"परत," रंगनाथराव म्हणाले.

मी परत लावलं. आणखी एकदा लावलं. मग त्यांनी हेडफोन काढला, नीट गुंडाळून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ह्ये आसंच्या आसं व्हिडिओत घाला, ग्रुपवर टाकायचंय.

इथे मी जरा थांबलो. अध्यक्षांच्या संस्थेचे सगळे कार्यक्रम माझ्याकडे असतात. मी सुचवून पाहिलं, की युनूसभाईंचं वाक्य वर घेतो आणि घोरणं तसंच खाली राहू देतो. मग लोक कशाला हसतायत ते कळनार कसं, असं वहिनींनी विचारलं.

मी व्हिडिओ पहिल्यापासून चालू केला आणि बोर्डावर बोटं ठेवली. हाताला सवय नव्हती, मधलं बोट सारखं जुन्या वाटेनं जायला बघत होतं. दोनदा चुकलं, दोनदा मागे जाऊन पुन्हा घेतलं. मुख्याध्यापक थोडे खाली, घोरणं थोडं वर, मी आयुष्यात पहिल्यांदा वर नेलं. हशा जेवढा होता तेवढाच. मंजूर स्पष्ट. आणि युनूसभाईंचं ते वाक्य सगळ्यात वर. ते दोघं मागे बसून होते. चहा आला होता, कुणी घेतला नाही.

एवढ्या वर्षांत अशी किती वाक्यं मी हशाखाली पुरली असतील, हे तेव्हापासून अधूनमधून मनात येतं आणि बसू देत नाही. जुन्या डिस्क काढून बघाव्यात असं वाटतं. मग वाटतं, भाषणं पुन्हा ऐकावी लागतील.

रंगनाथराव लग्नाच्या दिवसाची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी सकाळी दौंडला गेले. कमलवहिनींनी फोनवर सांगितलं, की युनूसभाई दारात उभे होते, दोघं हातांच्या खुणांनीच काय ते बोलले आणि मग मिळून मांडवाच्या खुर्च्या उतरवायला लागले. लग्नाच्या जेवणाला कंपनीतली जुनी पाळी सगळी आली होती. टपरीवरची चौकशीही बंद झाली. तिथे आता कुणी काही विचारलं, की दुसरा कुणीतरी मंजूर म्हणतो.

नवा व्हिडिओ ग्रुपवरून फिरत फिरत अध्यक्षांपर्यंत पोचणार हे ठरलेलंच होतं. दोन दिवस मी फोन वाजला की दचकत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला होता. काम चांगलं झालंय म्हणाले, फक्त भाषणांच्या वेळी मागे जनरेटरचा आवाज फार येतोय, तेवढा कमी करून एक प्रत पाठवा.

सत्काराच्या दिवशी न्हावऱ्यात दिवसभर वीज होती. जनरेटर आणलाच नव्हता.